वहीतली शुगर आणि रिपोर्टातली शुगर

पार्श्वभूमी

सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझं औषधांचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. हे आधीच सांगतो, कारण पुढे एकदोन ठिकाणी मी कुंपणाबाहेर पाय टाकला असं वाटेल, आणि जिथे खरंच टाकायला हवा होता तिथे टाकलेला नाही. प्रकरण २०२३ सालचं. ज्यांचं आहे त्यांना विचारलं, तर "लिहा, पण नाव नको" म्हणाल्या. ओळख पटेल असे दोनतीन तपशील बदललेत. गाव त्यांना बाई म्हणतं, अंगणवाडीच्या बाई, म्हणून इथेही बाईच.

वय तेव्हा ४७. घरी नवरा, सासूबाई, कॉलेजात जाणारी मुलगी आणि चार एकर कोरडवाहू. मानधन तेव्हा महिना दहा हजारांच्या आसपास. २०१९च्या दिवाळीत पायांची आग आणि सारखी लघवी म्हणून तपासलं, तर उपाशीपोटी १७२, जेवणानंतर २६८ आणि एचबीएवनसी, म्हणजे ज्याला आपण तीन महिन्यांची शुगर म्हणतो ती, ८.८. गावातल्या एमडी डॉक्टरांनी मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ सुरू केली. बाईंनी चहातली साखर सोडली, भात एका वेळेवर आणला. भाकरी ज्वारीची होतीच. सहा महिन्यांत आकडा ६.८ वर आला आणि पुढची दोनेक वर्षं ६.८ ते ७ च्या मध्येच राहिला.

बाईंची एक वही होती. अंगणवाडीच्या रजिस्टरसारखीच पट्टीने आखलेली: तारीख, उपाशीपोटी, जेवणानंतर, काय खाल्लं, शेरा. ग्लुकोमीटरची एक स्ट्रिप वीसेक रुपयांना पडते, त्यामुळे तपासणी आठवड्यातून दोनदाच, पण खाडा नाही. शेऱ्याच्या रकान्यात "हळदीकुंकू, अर्धा लाडू" असलीही नोंद असायची. मधुमेहाच्या माणसांच्या खूप वह्या मी पाहिल्यात. बऱ्याच जणांच्या वहीत दवाखान्याच्या तारखेच्या आदल्या रात्री एकाच पेनने पंधरा दिवसांचे आकडे उतरतात. अर्धा लाडू कोणी लिहीत नाही.

अडचण

२०२२चा पावसाळा संपला तशा बाई थकायला लागल्या. दुकानाच्या तीन पायऱ्या चढल्या की काउंटरला धरून क्षणभर उभ्या राहायच्या. डॉक्टरांना सांगितलं, तर "शुगर म्हटल्यावर थकवा येणारच" असं उत्तर मिळालं.

मार्च २०२३ मध्ये एचबीएवनसी ७.९ आली. वहीत त्याच तीन महिन्यांचे उपाशीपोटीचे आकडे ११० ते १२५ आणि जेवणानंतरचे १५० ते १७० होते. आता इथे थोडं गणित. एचबीएवनसीला २८.७ ने गुणायचं आणि त्यातून ४६.७ वजा करायचे, की रक्तातल्या साखरेची अंदाजे सरासरी निघते. ७.९ ला ती १८० येते. सरासरी १८० असेल तर वहीत कुठेतरी २२०, २४० दिसायला हवेत. बाईंच्या वहीत १८० हाच आकडा शोधून सापडत नव्हता.

हे गणित तेव्हा कोणी केलं नाही. मीही नाही.

डॉक्टरांनी निष्कर्ष काढला की खाण्यावर ताबा राहिलेला नाही. सकाळच्या गोळीत ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅमची भर पडली. जूनच्या मध्याला पुन्हा तपासणी झाली. नव्या गोळीमुळे वहीतले उपाशीपोटीचे आकडे ९० ते १०५ वर उतरले होते आणि एचबीएवनसी मात्र चढून ८.२ झाली होती. बाईंनी वही उघडून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती न पाहताच बाजूला सरकवली. "घरच्या मशीनचं काय घेऊन बसलात? हा रिपोर्ट खोटं बोलत नाही." ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम झाली.

त्या दिवशी बाई गोळ्या घ्यायला आल्या तेव्हा पैसे देताना हात थरथरत होता, आणि तो शुगरने नव्हता. "दादा, मी खोटं लिहिते असं वाटतं का तुम्हाला? सुपरवायझर मॅडम माझी रजिस्टरं उलटीपालटी करून बघतात, एक खाडाखोड सापडत नाही त्यांना." मी काय म्हणालो? "डॉक्टर तुमच्या भल्याचंच सांगतात बाई, गोळी चुकवू नका." काउंटरच्या या बाजूला उभं राहून वर्षानुवर्षं म्हटलेलं वाक्य. घरीही काही वेगळं नव्हतं. सासूबाईंनी साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवला आणि नवऱ्याने एकदा चेष्टेत विचारलं, अंगणवाडीतला शिरा कोण चाखतं म्हणून.

डॉक्टरांची बाजूही लिहायला हवी. सकाळच्या ओपीडीला त्यांच्याकडे ऐंशी-नव्वद पेशंट असतात, एकेकाच्या वाट्याला तीन-चार मिनिटं येतात. वरच्या वह्यांचा अनुभव त्यांना माझ्याहून जास्त आहे. वही आणि रिपोर्ट यांचं भांडण लागलं की दहापैकी नऊ वेळा रिपोर्टच खरा निघतो. माणूस चांगला आहे, रात्री-अपरात्री उठून येणारा आहे. आणि त्यांच्या चिठ्ठ्यांवर माझं दुकान चालतं, हेही सांगून टाकतो, कारण पुढच्या माझ्या गप्प बसण्यात त्याचा वाटा आहे.

एकादशी

२९ जून २०२३, आषाढी एकादशी. बाईंचा उपवास लग्नाआधीपासूनचा. साबुदाणा, बटाटा शुगरला वाईट, हे त्यांना चार वर्षं ऐकवलेलं होतं, म्हणून खिचडी केली ती घरच्यांसाठी. स्वतः सकाळी गोळी घेतली, बिनसाखरेचा चहा, दुपारी वाटीभर दही आणि चार शेंगदाणे. म्हणजे पथ्य अगदी काटेकोर पाळलं आणि त्यामुळेच पोट रिकामं राहिलं.

ग्लिमेपिराइडचं काम समजून घेतलं तर पुढचं आपोआप कळतं. मेटफॉर्मिन यकृतातून सुटणारी साखर कमी करते. ती एकटी असताना शुगर फारशी धोक्याच्या खाली जात नाही. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. त्या गटाच्या गोळ्या घेऊन उपाशी राहणं म्हणजे पाऊस नसताना मोटार चालू ठेवून विहीर उपसण्यासारखं.

संध्याकाळी साडेपाचला मुलगी स्कूटीवर मागे बसवून त्यांना दुकानात घेऊन आली. दरदरून घाम, ओठ पांढरे, बोलणं जड. शुगर ५२. सत्तरच्या खाली गेली की तिला लो शुगर म्हणतात. शुद्ध होती, गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी ७१, मग बिस्किटं आणि दूध, तासाभराने ९८. मी सुटकेचा श्वास सोडला आणि घरी पाठवलं.

हा माझा पहिला चुकलेला निर्णय. या गोळ्यांचा अंमल चोवीस तासांपर्यंत टिकतो, साखर पाजून वर आलेला आकडा पुन्हा घसरू शकतो. मी त्यांना दवाखान्यात देखरेखीखाली ठेवायला सांगायला हवं होतं. रात्री तीनला मुलीला जाग आली म्हणून तिने तपासलं, तर ६१. उपवास मोडायला लावून गूळपाणी आणि भात खाऊ घातला. जाग आली नसती तर, हा विचार ती अजून करते. मीसुद्धा.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. जूनमध्ये २ मिलिग्रॅमची पहिली स्ट्रिप देताना "उपवासाच्या दिवशी ही गोळी कशी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा" एवढं एक वाक्य मी बोललो नाही. एकादशी पंधरा दिवसांवर होती, पंढरपूर आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, दिंड्या दुकानासमोरून जात होत्या.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी सगळ्याच गोळ्या बंद केल्या, मेटफॉर्मिनसकट. मला कळलं चौथ्या दिवशी, महिन्याची औषधं न्यायला आल्या नाहीत तेव्हा. भेटल्या तर शांतपणे म्हणाल्या, "खाल्लं तर मी चोर, नाही खाल्लं तर मरते. मग कशाला घ्यायच्या?"

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण काहीच न घेणं हा पर्याय टिकणारा नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. आठव्या दिवशी उपाशीपोटी १८८ आली.

पुढचा मार्ग कोणता, यावर मुलगी, बाई आणि मी दुकानातल्या बाकड्यावर बसून दोनदा बोललो. एका नातेवाइकाने चूर्णाची पुडी आणून दिली होती, महिन्याला बाराशे रुपये, लेबल नाही. त्यावर मी ठाम होतो. असल्या बिनलेबलच्या चूर्णांत ॲलोपॅथीचीच, ग्लिमेपिराइडच्या कुळातली गोळी कुटून घातलेली सापडल्याची उदाहरणं आहेत. एकादशीचा प्रकार पुन्हा झाला असता आणि या वेळी मात्रा कोणालाच माहीत नसती. सोलापूरला तज्ज्ञाकडे जायचं, तर एसटीचा दिवसभराचा फेरा, सातशे-आठशे फी, नव्याने सगळ्या तपासण्या आणि अंगणवाडीची एक रजा. बाईंची खरी अडचण यातली एकही नव्हती. "तिथेही हाच रिपोर्ट बघतील आणि हेच म्हणतील," ही होती.

ग्रामीण रुग्णालयाचं नाव मुलीने काढलं. तिथे मधुमेह-रक्तदाबाची एनसीडीची, म्हणजे असंसर्गजन्य आजारांची, खोली आहे, गोळ्या फुकट मिळतात. बाईंनी नाक मुरडलं. स्वतः गावातल्या लोकांना तिथे पाठवणारी बाई, पण स्वतःसाठी नको. आणि शेवटचा पर्याय, त्याच डॉक्टरांकडे परत जाणं.

मी तोच सुचवला. चार वर्षांचा इतिहास त्यांच्याकडे आहे, एकादशीचा प्रकार ऐकल्यावर ते नक्की थांबून विचार करतील, असं मला वाटलं. १० जुलैला बाई गेल्या. "उपवास करायला कोणी सांगितलं होतं?" इथून सुरुवात झाली, मात्रा पुन्हा १ मिलिग्रॅमवर आली, वही या वेळी पिशवीतून बाहेरच आली नाही. चिठ्ठी घेऊन बाई दुकानावरून सरळ पुढे गेल्या, आत आल्या नाहीत. त्यांचा माझ्यावरचाही विश्वास गेला होता, आणि त्यात चूक काही नव्हती.

मी स्वतः डॉक्टरांना फोन करू शकलो असतो. दोन मिनिटांचं काम. नाही केला. कारण वर लिहिलं आहे.

काय केलं

त्या संध्याकाळी मी दुकान बंद केल्यावर त्यांच्या घरी गेलो. वही मागितली आणि घेऊन पहिल्यांदा नीट वाचली. मार्च ते जून: गोळी वाढली, घरचे आकडे उतरले आणि तीन महिन्यांचा आकडा चढला. बाई खोटं लिहीत असत्या तर जूनला ५२ आली कुठून? ८.२ च्या हिशेबाने ज्या बाईची खरी सरासरी १८९ आहे, तिला २ मिलिग्रॅमवर, एका उपवासाने इतकं खाली जाणं कठीणच. लो शुगर हा वहीच्या बाजूने मिळालेला साक्षीदार होता आणि आम्ही सगळ्यांनी त्याला उपवासाच्या खात्यावर टाकून दिलं होतं.

आता संशय घ्यायचा तर एकेकावर घेऊ, असं ठरवलं. आधी मशीन. सकाळी लॅबमध्ये रक्त काढतानाच बाईंच्या ग्लुकोमीटरवर बोट टोचलं: मशीन १९१, लॅब १८३. चांगल्या मीटरला शंभरच्या वरच्या आकड्यांत पंधरा टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य असतो. मशीन निर्दोष. मग लॅब. एचबीएवनसी दुसऱ्या लॅबमध्ये करून घेतली, पदरचे चारशे रुपये गेले: ८.१. लॅबही निर्दोष. दोन्ही खरे आणि दोघांचं जमत नाही.

इथे माझं ज्ञान संपत आलं, पण वाचन थोडं होतं. एचबीएवनसी साखर मोजतच नाही. लाल रक्तपेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे, ते मोजते. पेशी साधारण १२० दिवस जगते आणि जितकी जुनी, तितकी जास्त साखर तिला चिकटलेली. म्हणजे पेशींचं वय बदललं की साखर तेवढीच असूनही आकडा बदलतो. सिकलसेल असेल, थॅलेसेमियाचा अंश असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल, तर हा आकडा भरवशाचा राहत नाही. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांतही घरचे आकडे आणि एचबीएवनसी यांचा मेळ बसत नसेल तर हेच तपासायला सांगितलं आहे. बाईंच्या बाबतीत नेमकं काय, ते मला सांगता येत नव्हतं.

मी एका कागदावर चार ओळी लिहिल्या. एचबीएवनसीचे तीन आकडे तारखांसह. त्याच काळातली वहीतली सरासरी. २९ जूनची ५२ आणि रात्रीची ६१. मशीन लॅबशी ताडून पाहिलं आहे. खाली एकच प्रश्न: हे दोन आकडे जुळत का नाहीत? माझं मत लिहिलं नाही. हा कागद घेऊन मुलगी त्यांना मंगळवारी ग्रामीण रुग्णालयात घेऊन गेली, जवळजवळ ओढतच.

तिथल्या वैद्यकीय अधिकारी जेमतेम तिशीच्या. कागद वाचला, बाईंची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली आणि विचारलं, "पाळी कशी आहे?"

बाई मला नंतर म्हणाल्या, चार वर्षांत शुगरच्या कोणत्याच डॉक्टरने हा प्रश्न विचारला नव्हता. अंगावरून खूप जात होतं, वर्षभर, आठ-आठ दिवस. हिमोग्लोबिन ७.९ आलं. बाईमाणसाला १२ च्या वर हवं. पेशी आकाराने लहान. बाहेरच्या लॅबमध्ये फेरिटिन केलं तर ५, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा तळाला गेलेला. लोह कमी पडलं की नव्या लाल पेशी कमी तयार होतात, रक्तात फिरणाऱ्या पेशींत जुन्यांचं प्रमाण वाढतं आणि एचबीएवनसी खोटीच वर जाते. थकव्याचंही तेच कारण. गरोदर बायांच्या आणि मुलींच्या लोहाच्या गोळ्यांचा हिशेब ठेवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या रक्तात लोह नव्हतं.

तो रिपोर्ट दाखवायला बाई दुकानात आल्या. महिनाभरात पहिल्यांदा. मी "पाळीचा त्रास कधीपासून?" असं विचारत होतो आणि विचारता विचारताच माझी नजर बिलिंगच्या संगणकाकडे गेली. ऑगस्ट २०२२ पासून बाईंच्या नावावर जवळजवळ दर महिन्याला ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या होत्या. रक्तस्राव कमी करायची गोळी, गावातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या चिठ्ठीवर. दहा बिलं. प्रत्येक बिल मी किंवा माझ्या पोऱ्याने केलेलं. शुगरच्या डॉक्टरांना पाळीची माहिती नव्हती, पाळीच्या डॉक्टरांना एचबीएवनसीची. दोन्ही चिठ्ठ्या एकाच ठिकाणी येत होत्या, माझ्या काउंटरवर, आणि मी त्या दोन वेगळ्या रबरबँडांत गुंडाळून देत होतो.

पुढची पावलं वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरवली. ग्लिमेपिराइड पूर्ण बंद. मेटफॉर्मिन हळूहळू सुटणाऱ्या प्रकारात, एकूण १५००. दोन आठवडे स्थिरावल्यावर तीन दिवस, रोज सात वेळा तपासणी: तिन्ही जेवणांच्या आधी, नंतर आणि झोपताना. एकवीस स्ट्रिप मी दिल्या, पैसे घेतले नाहीत. ते उपकार म्हणून नव्हते. सरासरी १४९ निघाली. उलट्या गणिताने ती ६.८ च्या आसपासची एचबीएवनसी होते.

लोहाच्या तोंडाच्या गोळ्या बाईंना सोसल्या नाहीत, पोटात आग व्हायची, म्हणून शिरेतून लोह दिलं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ दिसली. आमच्या भागात अशा वेळी "पिशवी काढून टाका" हा सल्ला फार लवकर मिळतो, मिळालाही. सोलापूरच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी गाठीची जागा पाहून गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन सुचवलं आणि बाईंनी सप्टेंबरमध्ये ते बसवून घेतलं. तिथल्याच फिजिशियननी फ्रुक्टोसामीन तपासणी करून घेतली. ती रक्तद्रवातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर मोजते, मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देते आणि लाल पेशींशी तिचा संबंध नसतो. तिनेही वहीच्याच बाजूने कौल दिला.

एक सूचना त्यांनी आवर्जून दिली. लोह मिळाल्यावर नव्या पेशी धडाधड तयार होतात, त्यांना साखर चिकटायला वेळच मिळालेला नसतो, त्यामुळे काही आठवडे एचबीएवनसी खोटी खालीही जाऊ शकते. म्हणून हिमोग्लोबिन स्थिर होईपर्यंत तो आकडा पाहायचाच नाही. आधी खोटा वाईट रिपोर्ट, मग खोटा चांगला रिपोर्ट, असा खेळ झाला असता.

निष्पत्ती

४ डिसेंबरपासून अंगणवाडी सेविकांचा बेमुदत संप होता, त्यामुळे सोलापूरला जायला रजेचा प्रश्न आला नाही. हिमोग्लोबिन ११.८. एचबीएवनसी ६.९. वहीतली सरासरी १५१.

त्या एकवीस तपासण्यांत सरासरी १४९ होती, डिसेंबरात १५१. साखर जिथल्या तिथे, रिपोर्टातला आकडा मात्र सव्वा अंशाने खाली. मार्च २०२४ मध्ये तो ७.० आला, वहीशी जुळणारा. ग्लिमेपिराइड परत लागलेली नाही.

डिसेंबरचा रिपोर्ट घेऊन बाई गावातल्या डॉक्टरांकडे गेल्या. मला वाटलं भांडायला, पण तसं नाही, रक्तदाबाच्या गोळीचं काहीतरी विचारायचं होतं. त्यांनी ६.९ पाहिलं आणि खूश होऊन म्हणाले, "बघा, खाण्यावर ताबा ठेवला की कसं होतं!" बाई हे सांगताना खो खो हसल्या. मग म्हणाल्या, "आधी वाटलं सगळं सांगावं. बाहेर तीसजण बसले होते." फिजिशियनच्या फाइलची झेरॉक्स त्यांनी टेबलावर ठेवली आणि आल्या. ती वाचली गेली की नाही, कळलेलं नाही.

सगळंच मार्गी लागलं असं म्हणता येणार नाही. या चार वर्षांत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी एकदाही झाली नव्हती, ती २०२४ मध्ये झाली. सुदैवाने पडदा स्वच्छ होता. पायांच्या संवेदनेची, लघवीतल्या प्रथिनांची तपासणीही तेव्हाच. पायांची आग तर पहिल्या दिवसापासूनची तक्रार. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असली की ब-१२ कमी होऊ शकतं, तेही कोणी मोजलं नव्हतं. मोजलं तर खालच्या सीमेला टेकलेलं. सगळं लक्ष एका आकड्याच्या भांडणात गेलं आणि वर्षातून एकदा करायच्या साध्या गोष्टी राहून गेल्या. सासूबाईंनी साखरेचा डबा खाली आणला, पण काही बोलल्या नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

मार्चमध्येच, म्हणजे ७.९ आली तेव्हा, ग्लिमेपिराइड वाढवण्याआधी रक्ताची साधी सीबीसी, म्हणजे हिमोग्लोबिन आणि रक्तपेशी मोजणारी, तपासणी पुरेशी होती. दोन-अडीचशे रुपयांची, सरकारी रुग्णालयात फुकट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ दरम्यान, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांमध्ये रक्ताची कमतरता आढळली आहे. प्रत्येकीची एचबीएवनसी इतकी भरकटत नाही; सौम्य कमतरतेत फरक थोडाच पडतो. पण पाळी चालू असलेल्या, थकलेल्या बाईचा आकडा अचानक एक अंशाने चढतो आणि घरचे आकडे हलत नाहीत, तेव्हा "काय खाल्लंत?" च्या आधी हिमोग्लोबिन पाहावं.

डॉक्टरांनी वही पाहिली असती तर? मी बराच काळ यावर चिडलेला होतो. आता वाटतं, वही पाहण्यासारखी करून देणं आमच्या हातात होतं. ऐंशी पानांची वही तीन मिनिटांत कोणी वाचणार नाही. चार ओळींचा कागद वाचला गेला. त्यात मत नव्हतं, आरोप नव्हता, एक प्रश्न होता. तो कागद १० जुलैला बाईंसोबत दिला असता तर कदाचित त्याच डॉक्टरांच्या हातून निदान झालं असतं. मी त्यांना रिकाम्या हाताने पाठवलं. बाईंना मात्र हे पटत नाही. "कागदाने काही झालं नसतं. त्या पोरीने माझ्या तोंडाकडे बघितलं, म्हणून झालं," असं त्या म्हणतात.

माझ्या बाजूने काय बदललं ते लिहितो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांची नवी चिठ्ठी आली की उपवासाचं विचारतो आणि लो शुगरची लक्षणं सांगतो. श्रावणात आणि रमजानच्या आधी जुन्या गिऱ्हाइकांनाही सांगतो. डॉक्टरांना फोन करायची सवय लावून घेतली आहे. पहिल्या फोनला घशाला कोरड पडली होती, त्यांनी ऐकून घेतलं आणि "बरं झालं सांगितलंत" म्हणाले.

जानेवारीत एका रात्री संगणकात शोध लावला: शुगरच्या गोळ्या आणि ट्रानेक्झॅमिक ॲसिड, दोन्ही घेणाऱ्या बायका. नऊ नावं निघाली. असं कुणाच्या बिलांत डोकावणं बरोबर की नाही, यावर मी दोन दिवस घालवले. मग त्या दुकानात येतील तेव्हा एकेकीला बाजूला घेऊन एवढंच म्हणालो, की दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या गोळ्या माहीत आहेत का ते बघा आणि एकदा हिमोग्लोबिन करून घ्या. सहाजणींनी केलं, तिघींचं नऊच्या खाली निघालं. दोघी "बघते" म्हणाल्या. आणि एक जण भडकली, "तुम्ही औषध द्या, माझ्या पाळीचं तुम्हाला काय करायचंय?" ती आता समोरच्या दुकानातून गोळ्या नेते.